मदत हवी आहे: गीझर लावला की दिवे मंदावतात, दोष घरातला की बाहेरचा?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या जुन्या इमारतीत आई-बाबा दोघंच राहतात. सकाळी गीझर लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंदावतो. वायरिंग इमारत बांधली तेव्हाचंच आहे.

मला समजतं ते असं: कोपऱ्यावरच्या डीपीला ११ केव्हीने (११,००० व्होल्ट) वीज येते, तिथला ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो आणि घरात सिंगल फेजला साधारण २३० व्होल्ट मिळतात. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. वायर बारीक किंवा कुठला जोड सैल असेल तर व्होल्टेज पडतं आणि तो जोड तापत राहतो. मला धास्ती आहे ती या तापण्याची, बिलाचं नंतर बघू.

गीझर चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून मीटरपाशी आणि गीझरच्या सॉकेटपाशी व्होल्टेज मोजून घेतलं, तर दोष कुठे आहे ते कळेल ना? किती फरक दिसला तर काळजी करायची? गीझरला मीटरपासून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन ओढून घ्यावी का? सोबत आरसीसीबीही (वीज गळती झाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवायचा विचार आहे.

बाबांना आधी पंखे बदलायचेत. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३०च्या आसपास. दिवसाला दहा तास धरले तर पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. पण माझ्या मते आधी वायरिंग.

कोथरूड-कर्वेनगर भागात जुन्या फ्लॅटचं वायरिंग कुणी बदलून घेतलंय का? भिंती न फोडता, केसिंग-पट्टीतून केलं तर चालतं का? परवानाधारक, वयस्कर माणसांना नीट समजावून सांगणारा इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर कृपया मेसेज करा.