सिंहगडावर दूरदर्शनचं केंद्र होतं की नुसता मनोरा?

प्रश्न:
आजोबा नेहमी म्हणतात, "आमच्याकडे टीव्ही सिंहगडावरून यायचा." परवा गडावर गेलो तेव्हा मनोरा पाहिला. मग बातम्या, 'गजरा' वगैरे तिथेच तयार व्हायचं का?

प्रतिसाद १:
नाही, ते सहक्षेपण केंद्र, म्हणजे दुसरीकडचे कार्यक्रम घेऊन पुढे पाठवणारं. कार्यक्रम मुंबई दूरदर्शनच्या वरळी केंद्राचे. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. सिंहगड पुढच्या वर्षी, 1973 मध्ये.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर आहे, पण आजोबाही चुकलेले नाहीत. माझ्या वडिलांचं पुण्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, नंतर ते अँटेना बसवून द्यायला लागले. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि मुंबई-पुण्याच्या मध्ये अख्खा सह्याद्री. म्हणून 1300 मीटर उंचीचा गड हवा. वडील गच्चीवर पाइप फिरवायचे, घरमालक टीव्हीसमोर आणि मी जिन्यात निरोप्या: "आलं! गेलं! पुन्हा जरा मागे!" पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या तर अँटेनाकडून टीव्हीकडे येणारी चपटी वायर तपासायची. चित्राशेजारी सावली पडली तर समोरच्या इमारतीवरून लहर परततेय, मग अँटेना सरकवायची. अँटेना ठीक असूनही पडद्यावर 'व्यत्यय' आलं, तर मात्र वडील हात टेकायचे. ते काम वरच्यांचं.

माझ्या आठवणीतलं मुंबई केंद्र म्हणजे मराठी संध्याकाळ. स्मिता पाटील, भक्ती बर्वे बातम्या द्यायच्या, 'आमची माती आमची माणसं' लागायचं. 15 ऑगस्ट 1982 ला रंग आले आणि दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रमही. रंगांचं कौतुक सगळ्यांनीच केलं. पण रात्रीची वेळ दिल्लीकडे गेली, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव तर पार 2000 साली मिळालं.

प्रतिसाद ३:
पोस्टातलं टीव्हीचं लायसन विसरलात! आमच्याकडे ते पुस्तक रेशनकार्डाच्याच पिशवीत असायचं.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. आत्ताच गच्चीवर जाऊन आलो. अँटेनाचा पाइप अजून उभा आहे, दोन दांड्या गळून पडल्यात. तोंड नैर्ऋत्येला, बरोब्बर गडाकडे. आजोबा म्हणाले, "काढू नकोस."