मदत हवी आहे: पीएस४ वर ऑनलाइन खेळायला प्लसचे पैसे भरावेत का?

नमस्कार मंडळी, मला गेमिंगमधलं फारसं कळत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आमची परळची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतोय पण बिऱ्हाडं सगळी पांगली, आम्ही मुलुंडला आलो, मुलाचा एक मित्र डोंबिवलीला, एक मीरा रोडला आणि एक तर पार बदलापूरला. ही चौघं रांगायला लागल्यापासून एकाच गॅलरीत वाढलेली. आता रविवारी भेटायचं ठरवलं की नेमका रेल्वेचा मेगाब्लॉक, आणि आठवीतल्या पोरांना एकटं एवढ्या लांब पाठवायला जीव होत नाही. नवीन शाळेत अजून कोणाशी फारसं जमलेलं नाही त्याचं, आल्यावर गप्प गप्प असतो.

माझ्या दिरांनी त्यांचा जुना पीएस४ (सोनीचं गेम खेळायचं मशीन, प्लेस्टेशन ४) दिलाय, सोबत एफसी २४ (फुटबॉलचा गेम) आणि क्रिकेट २४ च्या डिस्क. बापलेक घरात खेळतात तेव्हा काही अडत नाही. पण मित्राबरोबर ऑनलाइन मॅच लावायला गेलं की प्लस, म्हणजे सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप, घ्या म्हणून येतं. ह्यांचं म्हणणं की मशीन विकतचं, गेम विकतचा, वायफायचं बिल आपणच भरतो, मग वर हे पैसे कशाचे, कॉम्प्युटरवर तर असलं काही लागत नाही. मला त्यांचं पटतं, पण पोराचा चेहरा बघून वाटतं की चार मित्र संध्याकाळी तासभर एकत्र येणार असतील तर पैसे गेले तरी चालतील. फक्त कामाला आले पाहिजेत. प्लसचे तीन प्रकार दिसतात, कुठला घ्यायचा? महिन्याचा की वर्षाचा? आणि कार्ड घातलं की आपोआप पैसे कापत राहतात का, ही मला मोठी धास्ती आहे.

दादरकर:
ताई, मिस्टरांचं चूक नाही. आधीच्या पीएस३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. दुसऱ्या कंपनीचं मशीन, एक्सबॉक्स, ते लोक २००२ पासून पैसे घेत होते, मग २०१३ ला पीएस४ आला तेव्हा सोनीनेही तेच सुरू केलं, आणि २०१८ पासून निन्टेंडोही घेतं. कॉम्प्युटरवर ही फी नाहीच.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जे गेम मुळात फुकट आहेत त्यांना प्लस लागत नाही. रॉकेट लीग, फोर्टनाइट, ईफुटबॉल, हे नुसते डाउनलोड करून मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येतात. आणि पार्टी चॅट, म्हणजे हेडफोन लावून चौघांनी एकत्र बोलणं, तेही फुकट. तुमच्या मुलाला मित्रच हवे असतील तर आज संध्याकाळी एक रुपया न भरता भेटवा. रॉकेट लीग म्हणजे गाड्यांनी फुटबॉल, पोरांना हमखास आवडतो.

जॉयस्टिक:
पैसे भरायच्या आधी हे विचारा, बाकीच्या तिघांकडे काय आहे? एफसी २४ मध्ये पीएस४ वाला पीएस५ च्या व्हर्जनवाल्याशी खेळू शकत नाही. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन यांचा एक गट, पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी यांचा वेगळा. पीएस५ वर पीएस४ चं व्हर्जन चालतं, पण समोरच्याने ते मुद्दाम टाकायला हवं. प्लस घेतलं आणि नंतर हे कळलं तर पोराचा फार हिरमोड होईल. रॉकेट लीगला ही भानगड नाही, कुठलंही मशीन चालतं.

मुलुंडची_आई:
बापरे, हे कुठेच वाचलं नव्हतं. आत्ताच फोन केले. डोंबिवलीवाल्याकडे पीएस४ च आहे, मीरा रोडवाल्याकडे पीएस५, बदलापूरच्या मुलाकडे नुसता लॅपटॉप. म्हणजे चौघं एकत्र फक्त फुकटवाल्या गेममध्येच?

जॉयस्टिक:
हो, लॅपटॉपवर चालला की झालं. एफसी दोघा पीएस४ वाल्यांचं जमेल, पण ऑनलाइन खेळायला प्लस दोन्ही घरी लागेल. तुम्ही एकटीने घेऊन उपयोग नाही, त्यामुळे त्या मुलाच्या घरच्यांशी आधी बोला.

ठाणेकर:
प्रकारांबद्दल सांगतो. भारतात इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डीलक्स. ऑनलाइन खेळायला सगळ्यात खालचा इसेन्शियल पुरतो, वरच्या दोघांत जास्तीच्या गेमचा साठा असतो. आणि पीएस४ वाल्याने त्या साठ्यासाठी पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण जानेवारी २०२६ पासून प्लसमध्ये पीएस४ च्या गेमवर भर राहणार नाही हे सोनीने आधीच जाहीर केलेलं. शिवाय प्लसमधून मिळालेले गेम आपले होत नाहीत, मेंबरशिप संपली की बंद, परत भरली की चालू.

सप्टेंबर २०२३ ला वर्षाचं इसेन्शियल २,९९९ वरून ३,९४९ केलं, महिन्याचं ४९९ राहिलं. प्लेस्टेशन स्टोअरवर आजचा भाव बघून घ्या. वर्षाचं हिशोबाने स्वस्त पडतं, पण ४९९ च्या भावाने वर्षातले आठ महिने तरी घेणार असाल तरच. सहामाही, वार्षिक, गणपती, मे महिन्यात गावी, एवढं वजा करा आणि मग ठरवा. मी तर सुट्टीपुरतं महिन्याचंच घेतो.

कार्डची भीती असेल तर प्लेस्टेशनच्या वॉलेटचा कोड (रिचार्जसारखा) विकत मिळतो, तेवढेच पैसे अकाउंटला टाका. कसंही घेतलं तरी घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यू, म्हणजे मुदत संपली की आपोआप पैसे कापणं, बंद करायचं, भरलेली मुदत तरी पूर्ण मिळते. आणि प्लस तुमच्या स्वतःच्या मोठ्यांच्या अकाउंटवर घ्या, मुलाचं चाइल्ड अकाउंट फॅमिलीत जोडा. तुमच्या अकाउंटवरून तो पीएस४ प्रायमरी, म्हणजे तुमचं मुख्य मशीन, केला की त्याच मशीनवर मुलालाही ऑनलाइन खेळता येतं. किती वेळ खेळायचं, कोणाशी बोलायचं, महिन्याला किती खर्च, सगळं तुमच्या हातात राहतं. हे मात्र नक्की करा, अनोळखी माणसं चॅटवर काहीही बोलतात.

चेंबूरचा_राजा:
मी घेऊ नका म्हणेन. माझ्याकडे वर्षाचं होतं, शेवटी फक्त फुकटचे गेम खेळलो. आणि प्लस घेतल्याने नेट सुधारत नाही. केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर आधी सेटिंगमध्ये इंटरनेट टेस्ट करा, त्यात नॅट टाइप दिसतो, म्हणजे आपलं मशीन बाहेरच्या मशीनशी किती सहज जोडलं जातं ते, टाइप ३ आला तर मित्राशी जोडणी होईलच असं नाही, आवाजही तुटतो. एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कितीतरी घरांत वाटतात हे लोक. टाइप २ हवा. नसेल तर त्यांच्याकडे वेगळा पब्लिक आयपी मागा, थोडे जास्त पैसे घेतात. आणि राउटर हॉलमध्ये, पीएस४ आतल्या खोलीत असेल तर सरळ लॅन वायर ओढा.

मुलुंडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. रॉकेट लीग डाउनलोडला लावलाय, चौघांच्या आयांचा ग्रुप आहे त्यावर टाकलं तर दोघींनी लगेच हो म्हटलं. प्लस आत्ता नाही. दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीवाले तयार झाले तर दोघी मिळून महिन्याचं इसेन्शियल घेऊ, ह्यांनाही ते पटलंय.

टेस्ट केली, आमच्याकडे नॅट टाइप ३ च दाखवतोय. केबलवाला उद्या येतो म्हणालाय. त्याला नेमकं काय सांगू, पब्लिक आयपी म्हटलं की कळेल ना त्याला? आणि महिन्याला साधारण किती मागतात, मुलुंड-भांडुपकडच्या कोणी घेतला असेल तर प्लीज सांगा.