मदत हवी आहे : पॉलिमर होस्टमध्ये डोपंटचा प्रकाश नाहीसा होतो

ऐरोलीकर : ओएलईडीसाठी (विजेवर चमकणाऱ्या सेंद्रिय थराच्या दिव्यासाठी) पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरमध्ये (होस्ट, म्हणजे मुख्य पदार्थ) इरिडियम धातूचे चमकणारे संयुग (डोपंट, म्हणजे थोड्या प्रमाणातील मिसळ) घालून स्पिन कोटिंगने (द्रावण गरगर फिरवून पसरवत) थर बनवला. दोन्ही पदार्थ सुटे असताना उत्तम चमकतात, पण एकत्र येताच डोपंटचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. प्रमाण बदलूनही फरक पडत नाही. मार्गदर्शक निकाल मागत आहेत. कृपया लवकर सांगावे.

खाडीपलीकडे : डोपंट कोणत्या रंगाचा, हे आपण लिहिलेलेच नाही. हा अनुभव विद्युतप्रवाह दिल्यावरचा आहे की नुसत्या अतिनील दिव्याखालचा?

कोलशेत : पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत दुसरे काय होणार! आधी ग्लोव्हबॉक्समधील (हवाबंद कोरड्या पेटीतील) आर्द्रता तपासा.

तुर्भे नाका : एलईडी दिव्यांसाठी पॉलिकार्बोनेटचे आवरण टिकाऊ असते. एमआयडीसीत चौकशी करावी.

ऐरोलीकर : आवरणाचा प्रश्न नाही. डोपंट हिरवा आहे, आणि ग्लोव्हबॉक्समध्ये अतिनील दिव्याखालीच हे दिसते.

खाडीपलीकडे : मग आर्द्रतेला किंवा इलेक्ट्रोडला दोष देण्याचे कारण उरत नाही. पॉलिफ्लुओरीनची ट्रिप्लेट पातळी (उत्तेजित रेणूच्या एका दीर्घायुषी अवस्थेची ऊर्जा) सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, तर नेहमीच्या हिरव्या इरिडियम डोपंटची सुमारे २.४, त्यामुळे डोपंटवरील ऊर्जा उलट होस्टकडे उतरते आणि तेथे सामान्य तापमानाला प्रकाश न देताच विरून जाते. हाच होस्ट लाल डोपंटला बऱ्यापैकी चालतो.

जुना वाशीकर : एवढा खल कशाला? पॉलिव्हिनाइलकार्बाझोल घ्या. त्याची ट्रिप्लेट पातळी ३ च्या आसपास आहे आणि आम्ही वर्षानुवर्षे तेच वापरतो.

खाडीपलीकडे : त्यातून होल (धन प्रभार) वाहतात, इलेक्ट्रॉन फारसे नाहीत, म्हणून इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ऑक्साडायझोलचे संयुग मिसळावे लागते. व्होल्टेज चढते ते वेगळेच.

जुना वाशीकर : मिसळावे की! त्यासाठी नवा पॉलिमर घडवत बसण्याची गरज नाही.

ऐरोलीकर : नवा पॉलिमर घडवणे हाच प्रकल्पाचा विषय आहे.

खाडीपलीकडे : हे आधी सांगायला हवे होते. कार्बाझोलची एकके (पुन्हा पुन्हा येणारे रेणू) त्यांच्या ३ व ६ क्रमांकांच्या स्थानांवर जोडल्यास साखळीतील संयुग्मन (इलेक्ट्रॉनांचे साखळीभर पसरणे) बरेचसे तुटते आणि ट्रिप्लेट पातळी सुमारे २.६ पर्यंत राहते, जी हिरव्याला पुरते, निळ्याला मात्र नाही. साखळ्या एकमेकींना चिकटल्या की ही पातळी आणखी उतरते; म्हणून द्रावणातील आकड्यावर विसंबू नका, द्रव नायट्रोजनमध्ये थराचेच स्फुरण (ट्रिप्लेट अवस्थेतून येणारा प्रकाश) मोजा. तसेच बाजूच्या अल्किल (कार्बन-हायड्रोजनच्या) साखळ्या केवढ्या ठेवणार आहात, तेही कळवा.