सीआरपीची जागा ५ बेसने सरकवली आणि प्रमोटर गप्प: मदत हवी आहे

रानमांजर:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे, ई. कोलायच्या लॅक प्रमोटरवर (लॅक जनुकं सुरू करणारा डीएनएचा भाग). सीआरपी या चालना देणाऱ्या प्रथिनाची डीएनएवर बसण्याची जागा मुळात −६१.५ ला, म्हणजे आरएनए जिथून सुरू होतो त्याच्या ६१.५ बेस मागे, केंद्रित आहे. ती आणि −३५ पेटी (आरएनए पॉलिमरेझ धरतं ती जागा) यांच्यामध्ये बेस घालून मी जागा मागे सरकवतोय. ५ घातले की बीटा-गॅलॅक्टोसिडेज (लॅकचं एन्झाइम, प्रमोटर किती चालतो ते त्यावरून मोजतो) जवळजवळ सीआरपी नसलेल्या स्ट्रेनइतकंच. ११ घातले, म्हणजे −७२.५ ला नेलं, की पुन्हा वर येतं, पण मूळ पातळी गाठत नाही.

डीएनएचा एक पीळ साधारण १०.५ बेसचा, म्हणून ५ ने सीआरपी उलट्या बाजूला जातं, इथवर कळलं. अडतंय ते पुढे. पॉलिमरेझच्या (आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या) अल्फा उपघटकाचं शेवटचं टोक लवचीक दुव्याने लोंबतं म्हणतात, मग ते वळून पलीकडे का पोचत नाही? आणि गॅल पी१ या दुसऱ्या प्रमोटरमध्ये सीआरपी −४१.५ ला, अगदी −३५ च्या डोक्यावर बसतं, तरी प्रमोटर चालतो. तिथे पॉलिमरेझची वाट अडायला नको का? मार्गदर्शक म्हणतात वाच. वाचून झालं!

ताक_कण्या:
आधी एक सांगा, स्ट्रेनमध्ये लॅकआय (लॅक बंद ठेवणारं प्रथिन) आहे का? ते सोडवायला आयपीटीजी घालताय का? प्लास्मिडवर ओ३ (लॅकआय बसण्याची एक जागा) असेल तर तुमच्या बेसमुळे तोही सरकला. ओ१ +११ ला, ओ३ −८२ ला. लॅकआय त्या दोघांना धरून डीएनएचा लूप करतं, त्यालाही पिळाचं गणित लागतं. म्हणजे ५ बेसनी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या असतील. माध्यमात ग्लुकोज नाही ना, तेही बघा, त्याने सीआरपी थंडावतं.

सांजसकाळ:
ताक_कण्यांचा मुद्दा आधी निकालात काढा. बाकी माझं मत असं.

दुवा लवचीक आहे, पण लांब नाही. शिवाय टोकाला नुसतं सीआरपीला हात लावून भागत नाही. त्याला सीआरपीच्या शेजारी डीएनएच्या लहान खाचेतही बसावं लागतं. दोन्ही पकडी एकदम जमल्या तरच पॉलिमरेझ प्रमोटरवर टिकतं. सीआरपी मागच्या बाजूला गेलं की दुव्याला डीएनएला वळसा घालावा लागेल, तेवढी दोरीच नाही त्याच्याकडे. −७२.५ ला बाजू बरोबर येते, अंतर मात्र वाढतं, म्हणून उतार दिसतो.

गॅल पी१ ची गोष्ट वेगळी. त्याची −३५ पेटी मुळात कमकुवत, काम विस्तारित −१० पेटीवर (पॉलिमरेझची दुसरी पकड) चालतं. तिथे अल्फाचं टोक सीआरपीच्या मागे जाऊन बसतं, आणि सीआरपीचा दुसरा पृष्ठभाग अल्फाच्या मुख्य भागाला टेकतो. हा दुसरा स्पर्श पॉलिमरेझ बसल्यावर डीएनए उघडायला मदत करतो. लॅकमध्ये जोर मुख्यतः पॉलिमरेझ आणून बसवण्यावर आहे. ही यंत्रणाच निराळी, तेव्हा दोन्ही एका आलेखावर मांडू नका.

तपासायचं असेल तर सीआरपीच्या अमिनो आम्लांतले दोन बदल वापरा. १५९ वा हिस्टिडीन ल्यूसीन केला की ते डीएनएला चिकटतं, पण −६१.५ वरून चालना देत नाही. १०१ वा लायसीन ग्लुटामेट केला की −४१.५ ला फटका बसतो, −६१.५ शाबूत राहतं.

रानमांजर:
आभार दोघांचे! लॅकआय आहे, आयपीटीजी १ मिलीमोलर सगळ्या नळ्यांत होतं, ग्लुकोज नव्हतं. तरी ओ३ काढलेली आवृत्ती बनवायला घेतो. १५९ वाला बदल असलेलं प्लास्मिड कुणाकडे असेल तर व्यनि करा, प्लीज.