छोट्या दुकानांच्या पायऱ्या : रॅम्पच्या खर्चात पालिकेने वाटा उचलावा का?

चाकावरची

पुण्यातल्या छोट्या दुकानांना, दवाखान्यांना, खानावळींना रॅम्प, कठडा, रुंद दार अशी कामं करायला सरकारी पैसा मिळाला पाहिजे. निम्मा तरी. हे मी व्हीलचेअर वापरणारी ग्राहक म्हणून लिहितेय, दुकानदारांची बाजू घ्यायची म्हणून नाही.

कायदा आहेच. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ‘सार्वजनिक इमारत’ म्हणताना लोकांची ये-जा असलेल्या खासगी जागाही धरतो, व्यापारी वापराच्यासुद्धा. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम आले जून 2017 मध्ये, म्हणजे मुदत 2022 लाच संपली. पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड, पुढच्याला 50 हजार ते 5 लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की तुमच्या नियमांतली मानकं नुसत्या शिफारशी आहेत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा.

आणि तरीही अप्पा बळवंत चौकात दुकानांना पायऱ्या म्हणून मी पुस्तकं रस्त्यावरून घेते. हाक मारायची, आतला मुलगा दोन पुस्तकं आणून दाखवतो, तिसरं मागताना संकोच वाटतो, कारण मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं दिसतं. चाळून, नको म्हणून परत ठेवून, भलतंच काहीतरी हाती लागून घेतलेलं पुस्तक माझ्या वाट्याला येत नाही.

नुसत्या दंडाने हे बदलेल असं मला वाटत नाही. किराणा दुकानदाराला दंड करायला कोणी जाणार नाही आणि गेलं तर सगळ्या गल्लीची सहानुभूती त्यालाच मिळेल. अमेरिकेत 1990 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्याच वर्षी छोट्या धंद्यांसाठी करसवलतही आली. उलाढाल 10 लाख डॉलरच्या आत किंवा पूर्णवेळ माणसं 30 पर्यंत असतील, तर सुगम्यतेच्या (अपंगांना सहज वावरता यावं यासाठीच्या) खर्चातले पहिले 250 डॉलर सोडून पुढच्या 10 हजारांपैकी निम्मे करातून वळते होतात. वर्षाला जास्तीत जास्त 5 हजार डॉलर. सक्ती आणि मदत बरोबर आली. आपल्याकडे सक्ती कागदावर आहे आणि मदत कागदावरही नाही.

पेठेतला दुकानदार

ताई, तुमचं दुःख कळतं. पण पैसा ही माझी अडचणच नाही.

माझ्या दुकानाला दोन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. मानक उतार 1:12, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. चौदा इंचांना चौदा फूट रॅम्प. समोरचा फुटपाथ सहा फूट नाही. रॅम्प फुटपाथवर टाकला तर अतिक्रमण विभाग उचलून नेणार, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नाही, पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी अडखळायचं का?

दुसरं, जागा भाड्याची, वाडा जुना. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर भाडे नियंत्रण कायद्याखाली तो मला बाहेर काढू शकतो. संमती मागायला गेलो की भाड्याचा विषय निघतो.

तिसरं म्हणजे हा उंबरा मी हौसेने उंच केलेला नाही. डांबराचे थर चढत गेले, रस्ता वर आला, पावसाचं पाणी आत शिरायला लागलं. पोती भिजली तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. आधी पालिकेने रस्ता खरवडून मग डांबर टाकावं. त्यासाठी मला अनुदान नको.

कोथरूडकर करदाता

माझा विरोध तत्त्वाचा आहे. कायद्याने जे करायलाच हवं त्यासाठी बक्षीस कशाला? फायर एक्स्टिंग्विशर बसवायला कोणी अनुदान देतं का? धंदा करायचा तर सगळ्या गिऱ्हाइकांना आत येता आलं पाहिजे, तो खर्च धंद्याचाच.

शिवाय अनुदान म्हटलं की काय होतं ते आपण पाहतो. फोटोपुरता रॅम्प, बिल दुप्पट, आणि महिनाभरात त्यावर स्कूटर उभी. पेठांत आत्ताही सिमेंटचे उतार केलेले दिसतात, ते दुचाकी वर चढवायला. एवढे उभे की व्हीलचेअर उलटेल. त्यासाठी पैसे आणि जागा बरोबर सापडली!

हिशेबनीस

अमेरिकेचं जसंच्या तसं इथे चालणार नाही, याचं कारण आयकरात आहे. आपले बरेच छोटे दुकानदार अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरतात. उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, हाच नफा धरायचा. त्यात वेगळा खर्च दाखवायची सोयच नाही. म्हणजे रॅम्पच्या खर्चाची वजावट फार तर मोठ्या शोरूमला मिळेल, जिथे गरज नाही.

मिळकतकराचा रस्ता जवळचा. पुणे महापालिका सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के सवलत देतेच. त्या यादीत सुगम प्रवेशद्वार घालता येईल. आणि मिळकतकर मालकाच्या नावावर असतो, त्यामुळे संमती द्यायला त्यालाही कारण मिळेल. भाडेकरूला मात्र रोख मदतच द्यावी लागेल.

कोथरूडकर करदाता

आमच्या शेजारच्या सोसायटीतला गांडूळखताचा खड्डा कोरडा ठणठणीत आहे. सवलत चालू. मुद्दा संपला.

पांढरी काठी

दोन गोष्टी.

एक, सगळे रॅम्पवरच बोलताय. मला दिसत नाही. दुकानात शिरायला मला पायऱ्यांचा त्रास नाही, फुटपाथवर मांडलेल्या पाट्या आणि टांगलेल्या बादल्यांचा आहे. कार्ड मशीनची बटणं गेली, सपाट काच आली, तिथे मी पिन कसा टाकू? दुसऱ्याला सांगून? उलट क्यूआरसोबतच्या साउंडबॉक्सने रक्कम मोठ्याने सांगायला सुरुवात केल्यापासून माझी फसवणुकीची भीती गेली. मदत द्यायची तर अशा गोष्टींनाही द्या.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. हा पैसा कुठून येणार? महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. सोपा मार्ग म्हणून उद्या त्यातूनच दुकानदारांना रॅम्प देतील आणि दिव्यांग कल्याणाच्या खात्यावर दाखवतील. त्या निधीतून माझ्यासारख्यांना उपकरणं मिळतात, उदरनिर्वाहाला हातभार लागतो. त्याला हात लावणार असाल तर माझा ठाम विरोध.

चाकावरची

पांढरी काठी, पूर्ण मान्य. त्या 5 टक्क्यांतला एक रुपयाही नको. दुकानाचा दरवाजा ही शहराची बाब आहे, ती रस्ते-बांधकामाच्या खर्चात बसली पाहिजे. आणि योजना फक्त रॅम्पची नको, हेही घेतलं.

दादा (दुकानदार), चौदा फुटांचा हिशेब बरोबर आहे. म्हणूनच प्रत्येक दुकानाला एकच नकाशा नको. एका पायरीच्या दुकानाला घडीचा रॅम्प पुरतो. फॅब्रिकेशनवाला चेकर प्लेटचा (उठावाची नक्षी असलेल्या पत्र्याचा) करून देतो, पण पावसात ती प्लेट गुळगुळीत होते, वर खरखरीत पट्ट्या चिकटवाव्या लागतात, आणि दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी उभी हवी, नाहीतर चाक बाहेर घसरतं. हे कोणी सांगत नाही म्हणून लोक चुकीचे बनवतात. तुमच्यासारख्या दोन पायऱ्यांना एक पायरी आत घेऊन लहान उतार, किंवा बाहेर हाताच्या उंचीवर घंटा आणि एक टेबल, एवढंही चालेल. पण कोणत्या जागेला काय, हे पाहायला माणूस लागतो, आणि त्याची फी छोट्या दुकानदाराला जड जाते. मदतीचा पहिला हप्ता त्या पाहणीलाच मिळावा.

करदाते, फायर एक्स्टिंग्विशर विकत आणून भिंतीला टांगता येतो. शंभर वर्षांच्या वाड्याची पायरी तशी काढता येत नाही. नव्या दुकानाला एक पैसाही देऊ नका, तिथे नकाशा मंजूर करतानाच अडवा, कायद्यात ती तरतूद आहे. मी जुन्यांबद्दल बोलतेय.

पेठेतला दुकानदार

घंटा आणि टेबल उद्या करतो, त्याला कोणाची परवानगी नको. पायरी आत घ्यायची म्हणजे मात्र दर्शनी काउंटर जाणार, चार फूट जागा जाणार. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास चार फूट म्हणजे काय ते भाडं भरणाऱ्यालाच माहीत. तो तोटा कोणत्याच अनुदानात बसत नाही, म्हणून मी अजूनही तुमच्या बाजूचा झालेलो नाही.

फुटपाथबद्दल एक सांगतो. दुचाकी चढू नये म्हणून पालिकेने जे खांब रोवलेत, त्यांतून तुमची खुर्ची जाते का?

चाकावरची

बऱ्याच ठिकाणी नाही. दोन खांबांत 900 मिलिमीटर तरी मोकळे हवेत, कुठे कुठे तेवढे नसतात. मग मी रस्त्यावरून, बसच्या बाजूने.

कोथरूडकर करदाता

जुन्या आणि नव्यात फरक करायला माझी हरकत नाही, तेवढं मागे घेतो. रोख द्यायला अजूनही आहे. द्यायचेच असतील तर काम झाल्यावर, आणि पास-नापास ठरवणारी व्यक्ती पालिकेचा अभियंता नको, व्हीलचेअर वापरणारी किंवा पांढरी काठी घेऊन चालणारी हवी. तिने आत जाऊन खरेदी करून बाहेर यावं, मग बिल निघावं. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी, रॅम्पवर स्कूटर दिसली तर पैसे व्याजासह वसूल.

हिशेबनीस

खांब आणि फुटपाथच्या उतारांसाठी वेगळी योजना लागत नाही. पालिका 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेते, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. खासगी दुकानाची पायरी त्यात बसणार नाही, सार्वजनिक फुटपाथ बसतो. दादा, तुमच्या गल्लीतल्या खांबांमधलं अंतर टेपने मोजून इथे टाकता का? अर्ज मी लिहून देतो.

पेठेतला दुकानदार

रविवारी मोजतो. सोमवारी आमचा साप्ताहिक बंद, कार्यालयात मीच नेऊन देईन.