मदत हवी आहे: वाफेच्या इंजिनाचा बॉयलर आणि मुंबई राज्याची जीप

नमस्कार मंडळी,
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आम्ही काही जणांनी बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये जुन्या गाड्या जमवल्यात. येझदी, विलीज जीप आणि गिरणीचंच चाकांवरचं वाफेचं इंजिन. ते पुन्हा चालवायचंय.

अडचण बॉयलरची. धूरनळ्यांची टोकं जिथे प्लेटमध्ये फुलवून बसवलीत, तिथे पांढरे क्षार साचलेत. नखाने खरवडलं तर खाली गंज. फायरबॉक्सच्या (आग पेटते त्या पेटीच्या) माथ्यावरचा शिशाचा प्लगही बदलायचाय. पाणी कमी पडलं की तोच वितळून वाचवतो. एक्स्पांडरने (नळीचं टोक आतून फुलवणाऱ्या हत्याराने) नळ्या बसवणारा जाणता माणूस हवा. मिरजेच्या लोको शेडमध्ये किंवा हुबळी वर्कशॉपमध्ये मीटरगेजच्या काळात काम केलेले कुणाचे काका-मामा आहेत का? वेल्डिंगवाले खूप भेटले, पण "टाका मारून देतो की" म्हणणारा नको. बॉयलर निरीक्षकाची तपासणी करून घेणारच आहोत.

दुसरं, जीप. १९५६ आधीची, नोंदणी मुंबई राज्याची. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला नव्याने नोंदणी करताना 'व्हीए' (व्हिंटेज) मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये. पण एका कार्यालयात म्हणतात जुनं रजिस्टर महाराष्ट्रात असेल, तिकडचे म्हणतात बेळगावात बघा. सीमाप्रश्न जीपलाही सुटला नाही! आरसी बुक आहे, मूळ मालक हयात नाहीत. कर्नाटकात असा नंबर कुणी काढलाय का? वारसाची कोणती कागदपत्रं लागली, तेवढं सांगा.