उपास की आजार? डॉक्टरसमोर पहिलं वाक्य काय बोलू?

साताऱ्याची_धाकटी:
वय २६, पुण्यात नोकरी. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून महिन्याला आठ-दहा उपास होतात. आजी कौतुकाने सांगत सुटते, "पोरीला देवाधर्माची गोडी आहे." देवाचा काही संबंध नाही, हे फक्त मला माहीत. रात्री रूममेट झोपली की बटाट्याच्या चिवड्याचं अख्खं पाकीट, वर आईने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू. मग उलटी. चार वर्षं झाली.

मागे धीर करून गावच्या डॉक्टरांना सांगायला गेले. त्यांनी काटा बघितला, "वजन तर छान आहे, पित्त असेल." आई शेजारीच बसलेली. मीही "हो, पित्तच" म्हणून मोकळी झाले. आता जाऊ कुणाकडे? घरी स्थळं बघतायत, त्यामुळे मानसोपचार हा शब्दही काढायची सोय नाही.

दंतवैद्य_कोथरूड:
आमच्याकडे अशा मुली दात शिवशिवतात म्हणून येतात. वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली दिसते, विचारलं की मान खाली. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, नुसती चूळ भर. आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घे. ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, काट्यावर त्यातलं काही दिसत नाही. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल तर उद्यावर ढकलू नकोस.

सुधाकर_काका:
मनावर ताबा ठेवा. सकाळी कोमट लिंबूपाणी.

परत_जेवणारी:
माझ्या तोंडून शब्दच फुटायचा नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी नेली: "मला बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलटी काढण्याचा आजार, असावा. आठवड्यात किती वेळा होतं ते मागे लिहिलंय. वजन मोठ्याने सांगू नका." बाईंनी वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" इतकं साधं कुणी विचारलंच नव्हतं.

तू सज्ञान आहेस, आईला आत नेऊ नकोस. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गोपनीय राहते. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

साताऱ्याची_धाकटी:
काका, लिंबूपाण्यावरच चार वर्षं काढली.

ताई, चिठ्ठी लिहिली. तीनदा फाडली, चौथी पर्समध्ये आहे. बुधवारची वेळ मिळालीय. त्या दिवशी नेमकी चतुर्थी, आणि डॉक्टरांकडून सांगितलंय की जेवून या. आजीचा संध्याकाळी फोन येईलच, "चंद्र दिसला का गं?"